परत, पण कमी

हाताचा तळवा खाली करून ते हवा हळूच दाबत, गॅसवरची आच मंद करावी तशी. मग एक डोळा मिटून म्हणत, "परत. पण कमी."

फ्रान्समध्ये सिनेमे काढताना हे वाक्य त्यांनी नटनट्यांना ऐकवलं होतं. आमच्या गंगापूर रोडवर नट नव्हते, म्हणून ते आम्हाला ऐकवत. माझी बायको सुलभा फोडणीच्या ठसक्याने शिंकली की परत, पण कमी. भाजीवाली ओरडली की परत, पण कमी. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवरून माझ्याशी तावातावाने भांडत होते आणि हे जिन्यात उभे राहून ऐकत होते. भांडण संपल्यावर त्यांनी तळवा खाली दाबला. सेक्रेटरींनी सगळं भांडण पहिल्यापासून परत केलं, हळू आवाजात, आणि मग दचकून मलाच विचारलं, "अहो, मी का ऐकलं त्यांचं?"

तुम्हीही ऐकलं असतं. उंच, किडकिडीत, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. भर मे महिन्यातही गळ्यात लोकरी मफलर. आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण आत्ता जे केलं ते फार महत्त्वाचं होतं, फक्त जरा जास्त झालं.

माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा. खाली दुकान, वर घर आणि गच्चीला लागून एक खोली. ते पहिल्यांदा दुकानात आले ते लेन्सला लागलेली बुरशी साफ करून घ्यायला. एका वाइन कंपनीने त्यांना जाहिरातीची फिल्म करायला नाशिकला बोलावलं होतं, आणि त्यांनी ती केली होती. मळ्यात एका माणसाची चप्पल हरवते आणि तो ती शोधत फिरतो, एवढीच फिल्म. मागे द्राक्षं अस्पष्ट दिसत होती. वाइन कुठेच नव्हती. कंपनीच्या लोकांनी ती शांतपणे पाहिली, टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या हातात परतीचं तिकीट ठेवलं.

"चप्पल सापडते का शेवटी?" मी विचारलं.

ते एकदम खुर्चीत बसले. "हे विचारणारे तुम्ही पहिले," ते हिंदी आणि इंग्रजी कालवून म्हणाले.

ते तिकीट त्यांनी वापरलं नाही. गच्चीवरची खोली रिकामी होती, ती घेतली. व्हिसा संपत आला की ते कोलंबोला जाऊन येत आणि येताना आमच्यासाठी काथ्याचं पायपुसणं आणत. आमच्याकडे अजून प्रत्येक दाराला दोन दोन पायपुसणी आहेत. चप्पल सापडली की नाही, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

सुलभा शाळेत इंग्रजी शिकवते. तिने त्यांना मराठी शिकवली ती स्वयंपाकघराच्या दारात उभं करून, त्यामुळे त्यांची मराठी त्या दारातलीच राहिली. एखादं दृश्य आवडलं की "मुरलंय" म्हणत, नाही आवडलं की "करपलं". मी त्यांच्यापेक्षा बराच लहान, तरी मी 'दादा' आणि सुलभा 'वहिनी'. ती त्यांना भाऊ म्हणे. बाकी सगळी गल्ली डायरेक्टरसाहेब म्हणे.

संध्याकाळी गच्चीवर चहा पिता पिता त्यांनी आपली कहाणी सांगितली, तुकड्यातुकड्याने. पहिली फिल्म त्यांनी अगदी तरुणपणी केली. एक माणूस आडबाजूच्या फाट्यावर बसची वाट बघतो आणि बस आल्यावर चढत नाही. तिच्यासाठी मोठमोठ्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसरी फिल्म सुरू झाली आणि लोक मधूनच उठून जायला लागले. हे थिएटरच्या दारात उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणू लागले, "आल्याबद्दल आभार." एक बाई लाजून परत आत जाऊन बसली. पुढे त्यांनी तिच्याशी लग्न केलं. तिसऱ्या फिल्मचा शेवट निर्मात्याने बदलला, तेव्हा हे स्वतःच्याच फिल्मविरुद्ध फलक धरून थिएटरबाहेर उभे राहिले. त्यांना बघायला आलेल्या गर्दीने तिकिटं काढली आणि फिल्म बरी चालली. त्यानंतर मात्र दिग्दर्शन कुणी दिलं नाही. मग दुसऱ्यांसाठी पटकथा लिहिल्या, बऱ्याचशा स्वतःचं नाव न घालता.

"आणि एक बदक," असं म्हणून ते थांबत. बायकोबद्दल एवढंच सांगत की ती आता नाही. आणखी कुणाबद्दल विचारलं की कप घेऊन उठत.

बदकाचं कोडं सोसायटीच्या हॉलमध्ये सुटलं. एका रविवारी दुपारी सेक्रेटरींनी साहेबांची बसची फिल्म दाखवायचं ठरवलं. फिल्म संपली, दिवे लागले. मग सेक्रेटरींनी विचारलं, "ही बस पुढे कुठे जाते?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले.

"मग तो चढला नाही ते बरोबरच केलं."

साहेबांनी मान लववली. असा आदर त्यांना फ्रान्समध्येसुद्धा मिळाला नसेल. पण तेवढ्यात कुणीतरी फोनवर शोधून त्यांचं नाव असलेली दुसरी एक फिल्म काढली आणि पडद्यावर लावली. एका खेड्यात एक बदक चुकून सरपंच होतं. फ्रेंचचा एक शब्द कुणाला कळत नव्हता आणि हॉल हसून लोळत होता. सेक्रेटरींना तर उचकी लागली. साहेब उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

"ती माझी लाज आहे, वहिनी," ते सुलभाला म्हणाले. फ्रान्समध्ये वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना बदकवाला म्हणून ओळखत. त्या बदकाला कंटाळूनच आपण नाशिकला राहिलो, असं त्यांचं म्हणणं होतं.

थोड्या दिवसांनी ते दुकानात आले. "मला काम द्या, दादा. मोठं नको."

मी त्यांना लग्नांना घेऊन जाऊ लागलो. ते पंगतीत डुलक्या काढणारे आजोबा घेत, एकटीच बुंदी खात उभी असलेली करवली घेत, जनरेटर घेत. जनरेटर तर फारच. गिऱ्हाइकं आधी कुरकुरायची आणि मग घरी सगळे मिळून आजोबांचाच तुकडा पुन्हा पुन्हा बघायची.

नामपूरचं लग्न मात्र निराळं झालं.

आपल्याकडे नवरी मंडपात येते ती मामाचा हात धरून. या नवरीचा मामा कांद्याचा व्यापारी होता. लांबट, कोरड्या चेहऱ्याचा, गालात तंबाखू धरलेला माणूस. साहेबांनी त्याला कॅमेऱ्यातून नीट न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाले, "दादा, हा मामा नाही. हा विमा विकायला आलाय."

"खरा मामा आहे हो."

"खरा असेल. दिसत नाही."

मी लाइट लावण्यात गुंतलो. तेवढ्यात साहेबांना पाण्याच्या पिंपाजवळ एक गोल, मऊ, ओलसर डोळ्यांचा माणूस दिसला. त्यांनी त्याला हाताला धरून आणलं आणि नवरीचा हात त्याच्या हातात दिला. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचं कुणी मानाचं माणूस असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचा असेल. बँड वाजत होता. खरा मामा तोंडातला तंबाखू थुंकायला बाहेर गेला होता. तो मऊ माणूस नवरीला घेऊन डोळे पुसत पुसत निघाला. नवरीने मुंडावळ्यांमधून त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मी पिंपळनेरचा," तो हुंदका देत म्हणाला.

तो शेजारच्या लॉनवरच्या लग्नाला आला होता. पाणी प्यायला इकडे वळला एवढंच.

खरा मामा परत आला तर भाची अंतरपाटापर्यंत पोहोचलेली. पुढे जे झालं ते तुम्ही कुठल्याही लग्नात पाहिलं असेल, फक्त इथे कारण खरं होतं. मामा रुसला. मंगल कार्यालयाच्या मागे उन्हात एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या ट्रॉलीत जाऊन बसला. भाऊबंद समजूत काढायला गेले, त्यांना हाकललं. मी साहेबांना म्हणालो, "आता तुम्हीच जा. तुम्हीच केलंय हे."

ते गेले, कॅमेरा घेऊनच. मी मागे होतो.

बागलाणच्या बाजूला घरात अहिराणी बोलतात. मामाला राग आला की दुसरी भाषा सुचत नव्हती. तो ट्रॉलीत उभा राहून गरजला, "मामा मी शे! मंग हाऊ कोन शे?"

साहेबांना शब्द कळला नाही, सूर कळला. त्यांनी तळवा खाली दाबला. "फार छान. परत. पण कमी."

मी डोळे मिटून घेतले. आता मार बसणार. मामा थक्क होऊन बघत राहिला आणि म्हणाला, "मामा मी शे." जरा हळू.

"परत. पण कमी."

"मी शे मामा," तो ट्रॉलीच्या कडेवर बसला.

"अजून कमी."

मामाने उपरण्याने तोंड पुसलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "तिना बाप गया, तवयपाशीन तिले मीच शे."

मी साहेबांना अर्थ सांगितला. मुलीचा बाप गेल्यापासून याच माणसाने तिला वाढवलं होतं. साहेबांनी कॅमेरा बंद केला. तो गवतावर ठेवून ते ट्रॉलीत चढले आणि त्याच्या शेजारी बसून म्हणाले, "मी चुकलो. मी करपवलं."

मग ते तडक मंडपात गेले आणि लग्न थांबवलं. गुरुजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळेल." साहेब म्हणाले, "मुहूर्त परत." नवरी पुन्हा खोलीत गेली, बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा धरलं, नवरदेव पुन्हा अंतरपाटामागे उभा राहिला आणि कोरड्या चेहऱ्याचा मामा भाचीचा हात धरून चालत आला. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फक्त तिचा हात त्याने असा धरला होता, की बोहल्याशी आल्यावर तिला तो सोडवून घ्यावा लागला. पिंपळनेरचा माणूस कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्यांदा रडला.

त्या लग्नानंतर लोक मला फोन करून आधी विचारू लागले, "फ्रेंचवाले येणार ना?"

दुसऱ्या उन्हाळ्यात मखमलाबादकडे एक लग्न होतं. वरात नवरदेवाला कशी दिसते हे आजवर कुणी दाखवलेलं नाही, असं साहेबांच्या डोक्यात आलं. त्यांनी नवरदेवाला घोडीवरून खाली उतरवला आणि स्वतः कॅमेरा घेऊन वर बसले. नवरदेव तलवार घेऊन बाजूने चालू लागला. वाटेतल्या बायकांनी सवयीने घोडीवरच्यालाच ओवाळलं. साहेबांनी मफलर सारखा केला आणि कपाळ पुढे केलं. मग फटाक्यांची माळ लागली आणि घोडी उधळली.

खुबा मोडला. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "कॅमेरा चालू होता?" होता. त्यात आधी आकाश दिसतं, मग घोडीचं पोट, मग नवरदेवाचा चेहरा अगदी जवळून, "काका, काका" म्हणणारा.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, जवळचं कोण? सुलभाने त्यांचा फोन उघडला. सगळी नावं रोमन लिपीत आणि त्यात एकच मराठीत. 'मुलगी.' सुलभाकडून मराठी शिकताना त्यांनी ते कधीतरी लिहिलं असणार. त्या नंबरवर एकही फोन केलेला दिसत नव्हता. सुलभाने केला.

मुलगी आली. चाळिशीची, आखूड केसांची, दातांची डॉक्टर. पिवळा रेनकोट हातावर टाकून ती खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिथेच थबकली. मखमलाबादचा नवरदेव बायकोला घेऊन आला होता. सेक्रेटरी भिंतीशी बसून पेपर वाचत होते. खाटेखाली कांद्याची गोणी होती आणि गोणीवाला मामा साहेबांना मोसंबी सोलून देत होता.

"हे सगळे कोण आहेत?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

मी एकेकाची ओळख करून दिली. मामापाशी आलो तेव्हा मामा म्हणजे आईचा भाऊ, हेही सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आईला भाऊ नव्हता." मी ते मामाला सांगितलं. मामाने मोसंबीची फोड तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "मंग आते शे." मी तिला सांगितलं, म्हणतोय, मग आता आहे.

बापलेक मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. ती त्यांची औषधं बघे, उशी सरळ करी आणि खिडकीपाशी जाऊन बसे. शेवटी आमच्या स्वयंपाकघरात तिने सुलभाला कारण सांगितलं. आईच्या दफनाच्या वेळी वडील कॅमेरा घेऊन आले होते. ती खड्ड्याशी उभी राहून रडत होती. मागून आवाज आला. परत. पण कमी. त्यानंतर ती त्यांच्याशी बोललीच नव्हती.

सुलभा पोळपाट तसाच टाकून दवाखान्यात गेली. मी पाठोपाठ.

"भाऊ, तुम्ही असं म्हणालात तिला?"

"हो."

"का?"

ते छताकडे बघत म्हणाले, "मला बघवत नव्हतं, वहिनी. कॅमेऱ्यातून बघवलं." मग म्हणाले, "ती फार रडत होती. मला वाटलं, कमी रडली तर कमी दुखेल."

सुलभाचा राग कुठल्या कुठे गेला. "मग हे तिला सांगा ना."

"फ्रेंचमध्ये येत नाही."

"म्हणजे काय?"

"फ्रेंचमध्ये मी फार छान बोलतो, वहिनी. ती विश्वास ठेवणार नाही. मला हे मराठीतच येतं."

आणि मग आमच्या नाशिकच्या दवाखान्यात जे घडलं ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दोन फ्रेंच माणसं, बाप आणि लेक, समोरासमोर बसली. बाप मोडक्यातोडक्या मराठीत बोलला, सुलभाने इंग्रजीत सांगितलं, लेकीने इंग्रजीत उत्तर दिलं, सुलभाने त्याचं मराठी केलं. नर्स आत आली, थोडा वेळ ऐकलं आणि सुई तशीच हातात घेऊन बाहेर गेली. ते लगेच मिटलं नाही. ती दोनदा उठून गेली. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सुलभाला म्हणाली, "चला, बसू या."

एकदा ती म्हणाली, "त्यांना सांगा, बदक माझं आहे."

लहानपणी तिला गोवर आला होता. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, वाचायचं नाही, खेळायचं नाही. वडील रोज संध्याकाळी खाटेशी बसत आणि बदकाने आज काय केलं ते सांगत. फिल्म झाली ती पुढे. सगळं जग त्या बदकाला हसलं तरी आधी ती हसली होती, आणि वडील जिथे तिथे त्याची लाज वाटते म्हणून सांगत फिरत.

"भाऊ, ती म्हणते बदक तिचं आहे."

साहेबांनी मफलरमध्ये तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. लेक बघत राहिली, मग उठली आणि तिने त्यांची उशी सरळ केली, जी सरळच होती.

ती त्यांना घेऊन जायचं ठरवून आली होती आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही. ते वॉकर धरून चालू लागले तोवर पावसाळा भरात आला होता. गल्लीतल्या प्रत्येकाने काहीतरी बांधून दिलं. मामाने कांदे आणले होते, ते विमानात चालत नाहीत हे त्याला पटवायला फार वेळ गेला.

मी गाडी काढली. मुंबईच्या विमानतळापर्यंत आम्ही दोघं सोडायला निघालो. इगतपुरीला पोहोचलो तर धुकं असं, की बॉनेट दिसेना. घाट उतरण्याआधी चहाच्या टपरीशी थांबलो. साहेबांना पाय मोकळे करायचे होते. लेक त्यांना धरून घेऊन गेली. आम्ही गाडीतच बसलो. थोडा वेळ तिचा पिवळा रेनकोट दिसत होता, मग तोही दिसेना.

आणि मग धुक्यातून हसू ऐकू आलं. आधी तिचं, मग त्यांचं. साहेबांना मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. बारीक, चिरका, दम लागल्यासारखा आवाज होता. मध्ये काही फ्रेंच शब्द आणि परत हसू. सुलभाने काच खाली केली. पाऊस आत येत होता, तरी तिने ती वर केली नाही.

दोघं परत आले ते चिंब भिजून.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही, दादा," ते म्हणाले आणि लेकीकडे बघून पुन्हा सुरू झाले. विमानतळापर्यंत तेच चाललं होतं. जरा शांत झाले की एक दुसऱ्याकडे बघे आणि दोघंही फुटत. आत जाताना दारावरचा जवान त्यांच्याकडे संशयाने बघत होता. काचेपलीकडून त्यांनी हात केला, पण ते हसत होते म्हणून तो हात नीट वर गेला नाही.

पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. एका दुपारी लेकीचा फोन आला. तिने सुलभाला सगळं सांगितलं. त्रास झाला नाही, खिडकीशी बसले होते. सुलभा रडायला लागली आणि फोन तिने माझ्या हातात दिला. माझं इंग्रजी गिऱ्हाइकांपुरतं, त्यात सांत्वनाचे शब्द नाहीत. काय बोलावं ते कळेना. म्हणून मी जे तोंडात आलं ते विचारलं.

"इगतपुरीला तुम्ही का हसत होतात?"

मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग ती म्हणाली, "तिथे एक..." आणि थांबली. "तिथे ना, एक..." आणि तिला हसू फुटलं. तिने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पुन्हा तेवढ्यावरच अडकली. हसता हसता ती रडत होती की काय, ते सांगता येत नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सुलभाने डोळे पुसले आणि तीही हसायला लागली, मग मीही. कशाला हसतोय ते आम्हाला अजून माहीत नाही.